अनसाक्काची मोजदाद

अनसाक्का दर भोंग्याला पोरं मोजायची. गिरणीचा भोंगा झाला की माणसं घड्याळाकडे बघतात, डब्याकडे बघतात, निदान आभाळाकडे तरी बघतात. अनसाक्का लिंबाखालून उठायची, उजव्या हाताचं बोट पुढे करायची आणि एकेका पोराच्या डोक्यावर ते टेकवत जायची. लांबून बोट दाखवून मोजणं तिला मान्य नव्हतं. एखादं पोर रांगत पळालं तर त्याच्यामागे जायची, बोट टेकवायची आणि मगच पुढच्याकडे वळायची. "नुस्त्या डोळ्यानं मोजलं तर डोळा लबाडी करतोय," ती म्हणायची. "हात लागला की पोर हाय म्हंजे हाय."

तिची-माझी पहिली भेट पोरं उसनी आणण्याच्या निमित्ताने झाली.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी माधवनगरच्या एका सूतगिरणीत वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागलो. कायद्याला असा एक अधिकारी हवा होता, गिरणीला तो नको होता आणि मला नोकरी हवी होती. या तिघांच्या तडजोडीतून माझी नेमणूक झाली. कायद्याला पाळणाघरही हवं होतं. कामगार बायकांची मुलं ठेवायला स्वच्छ, हवेशीर खोली. तशी खोली होती, टाइम ऑफिसच्या मागे. तिच्यात मोडक्या खुर्च्या, जुने रजिस्टरांचे गठ्ठे आणि गणपतीच्या मखराचं सामान असे. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार अशी खबर लागली की मखर हलायचं, सहा पाळणे टांगले जायचे आणि भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर चढायचं. मुलांची सोय मात्र आयत्या वेळी करावी लागे.

माझ्या तिसऱ्याच आठवड्यात तशी खबर आली. हेडक्लार्क भोपळे मला म्हणाले, "कापसाच्या कचऱ्याचं गोडाउन आहे ना, त्याच्यामागे एक बाई पोरं सांभाळते. तिच्याकडून आठदहा घेऊन या. जरा स्वच्छ बघून आणा."

गोडाउनच्या मागे एक लिंबाचं झाड होतं. त्याच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या सातआठ झोळ्या बांधलेल्या होत्या आणि खाली गोणपाटांवर पंधराएक पोरं होती. मधोमध एक उंच, हाडापेराने मोठी, पन्नाशीची बाई एका पोराचं नाक पदराने पुसत होती. मी कामाचं स्वरूप सांगितलं. तिला ते नवं नव्हतं.

"कवा परत आणनार?"

"साहेब गेले की."

"कंचं सायब? तुमी का त्ये?"

"ते."

तिने नऊ पोरं निवडली. "मोजून न्या, मोजून आणा," ती म्हणाली. "आन् झोपल्यालं असंल त्याला उठवायचं न्हाई. हापिसरापायी पोराची झोप मोडायची न्हाई."

तपासणी उत्तम पार पडली. इन्स्पेक्टरांनी एका गालाला हात लावला, 'समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि चहा घेऊन गेले. शिपायाने खोलीला कुलूप घातलं. आम्ही पोरं परत नेली. अनसाक्काचं बोट आठव्या डोक्यावर थांबलं. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग टाइम ऑफिसच्या दिशेने चालू लागली आणि मी तिच्यामागे पळू लागलो. नववं पोर कोपऱ्यातल्या पाळण्यात गाढ झोपलं होतं. झोपलेलं उठवायचं नाही, ही तिची सूचना आम्ही इतकी पाळली होती की त्याला तिथेच ठेवून कुलूप घातलं होतं.

मी काहीतरी पुटपुटलो. पोर खांद्यावर टाकत ती म्हणाली, "पयलाच दिस हाय, सायब. शिकशीला."

पुढची हकिकत वाचल्यावर तिचा हा अंदाज कितपत बरोबर होता ते वाचकांनी ठरवावं.

अनसाक्का मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर इकडे आलेली. नवरा लवकर गेला. छप्पन्न साली तिच्या घराने धम्म घेतला; त्याविषयी ती फार बोलत नसे. वस्तीतल्या एका म्हातारीने "आता तुमी कोन गं?" असं खोचून विचारलं, तेव्हा "मानूस. तुमी?" एवढंच म्हणाल्याचं रखमा नावाची तिची एक जुनी सोबतीण हसत हसत सांगे. वीस वर्षं तिने वाइंडिंग खात्यात काढली. वाइंडिंग म्हणजे बारक्या बॉबिनवरचं सूत शंकूच्या आकाराच्या मोठ्या कोनावर गुंडाळणं. सूत तुटलं की चालत्या यंत्रावर गाठ मारायची. बारीक आणि घट्ट, पुढे मागावर जाऊनही न सुटणारी. ही गाठ अनसाक्काची बोटं न बघता मारत. कापसाच्या धुळीने तिला खोकला लागला, खात्यातून नाव कमी झालं आणि ती घरी जाण्याऐवजी गोडाउनच्या मागे जाऊन बसली. बायका आपली पोरं तिच्याकडे ठेवू लागल्या. बदल्यात जिच्या डब्यात जे असेल ते. दुपारी तिच्यासमोर पाचसहा घरच्या भाकऱ्यांचे तुकडे असत आणि ती म्हणे, "सांगलीच्या राजालाबी येवढ्या घरचं मिळत नसंल."

तिला लिहिता येत नव्हतं, पण पद्धत होती. गिरणीत वेगवेगळ्या नंबरांचं सूत एकमेकांत मिसळू नये म्हणून बॉबिनच्या टोकाला रंग लावतात. तीच युक्ती तिने पोरांना लावली होती. वाइंडिंगच्या बाईचं पोर असेल तर मनगटाला लाल धागा, रीलिंगच्या, म्हणजे सुताच्या लडी करणाऱ्या बाईचं असेल तर पिवळा, कचरा वेचणाऱ्या बाईचं असेल तर हिरवा. प्रत्येक खात्याची सुट्टी वेगळ्या वेळी व्हायची, त्यामुळे धागा बघितला की पोराची आई पाजायला कधी येणार ते कळायचं. आई येऊन पाजून गेली की धाग्याच्या लोंबत्या टोकाला एक गाठ. संध्याकाळी गाठी बघून ती आईला सांगायची, "आज दोनदाच प्यालंय. घरी गेलीस की आधी त्याला घे, चूल मागनं पेटव." मी कामगार कल्याणावरची इंग्रजी पुस्तकं वाचली होती. त्यांत तक्ते होते, आलेख होते, पण चूल मागून पेटव असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

सकाळी पोर हातात घेतलं की ती आधी त्याची पापणी वर करून बघायची. त्याचं कारण मला एका सकाळी कळलं. रखमाने आपला मुलगा आणला होता, मान टाकून झोपलेला. अनसाक्काने पापणी उचलली आणि पोर परत तिच्याच हातात दिलं.

"ह्येला गोळी दिलीस."

"आक्का, रातभर रडत हुतं गं. म्या उभ्या उभ्या झोपंन मशिनीवर. राईएवढी दिली, दुसरं काय न्हाई."

"आज ह्ये माझ्याकडं न्हाई ऱ्हायाचं. जागं हुईस्तवर तू हितं बस. त्याच्या तोंडाकडं बघत बस."

"खाडा पडंल की."

मी तिथून चाललो होतो. अधिकारवाणीने मध्ये पडलो. म्हणालो, आजच्या दिवस ठेवून घ्या बाई, उगीच मुकादम ओरडेल. अनसाक्काने माझ्याकडे बघितलं. "सायब, तुमच्या पुस्तकात अफूचं काय लिवलंय?"

काहीच लिहिलेलं नव्हतं.

"अफूनं पोर झोपत न्हाई," ती म्हणाली. "इझतंय."

मग तिने पदर खोचला, रखमाला पोरांमध्ये बसवलं आणि स्वतः वाइंडिंगमध्ये जाऊन दुपारपर्यंत रखमाच्या यंत्रावर उभी राहिली. मुकादमाने चालवून घेतलं. अशा गाठी त्याला पुन्हा बघायला मिळणार नव्हत्या. नंतर चार दिवस ती इतकी खोकत होती की पोरं मोजताना मध्येच आकडा चुके आणि ती पुन्हा पहिल्या डोक्यापासून सुरुवात करी. लिंबाखाली त्यानंतर गोळी दिलेलं पोर आलेलं मी पाहिलं नाही.

एवढं सगळं मी कौतुकाने बघत होतो. दुसऱ्याची अडचण कौतुकाने बघता येते. मग ती माझ्या घरात आली.

माझी बायको सुधा सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवत होती. आमची नंदा झाली तेव्हा माझी आई साताऱ्याहून येऊन राहिली. आठ महिन्यांनी, थोरल्या भावाकडे आपलं देवाचं सगळं खोळंबलंय असं सांगून परत गेली. शेजारच्या काकूंनी नंदाला पंधरा दिवस सांभाळलं आणि सोळाव्या दिवशी त्यांची कंबर धरली. मिरजेहून एक मुलगी मिळाली, तिचं महिन्याभरात लग्न ठरलं. सुधाने तीन आठवडे रजा काढली. मग एके संध्याकाळी वह्या तपासता तपासता म्हणाली, "राजीनाम्याचा मजकूर तुम्हीच लिहून द्या. तुमचे मसुदे चांगले असतात."

शिकवणं हे सुधाचं सुख होतं. ती ते वाक्य मान वर न करता बोलली, म्हणून मला जास्त लागलं. मी म्हणालो, "राजीनामा कशाला? गिरणीत पाळणाघर आहेच की."

"तिथं मखर असतं असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"आता सुधारलंय," मी म्हणालो. "मिरजेला शिकून आलेली आया आहे. आक्का म्हणतात तिला."

दुसऱ्या दिवशी सायकलच्या पुढच्या बास्केटमध्ये नंदाला बसवून मी तिला लिंबाखाली नेलं. अनसाक्काने तिची पापणी वर करून बघितली. साहेबाची मुलगी म्हणून त्यात सूट नव्हती. मग विचारलं, "हिचं खातं कंचं?"

"खातं... ऑफिस."

"मंग निळा. शाईचा." तिने निळं सूत शोधून नंदाच्या मनगटाला बांधलं आणि तिच्या डोक्यावर बोट टेकवलं. "सतरा."

नंदा लिंबाखाली वाढू लागली. घरचा मऊभात डब्यात तसाच राहायचा. ती अनसाक्काच्या हातची दुधात कुस्करलेली भाकरी खायची. अंगाने भरली. सुधा म्हणायची, "गिरणीनं एक तरी काम धड केलं." मी विनयाने गप्प बसायचो.

प्रश्न धाग्याचा होता. धागा घरी दिसला तर सुधा विचारणार, हे काय? मग पाळणाघर नाही, झाड आहे हे निघणार. मग आक्का कोण, कुठल्या वस्तीतल्या हे निघणार. मग ते साताऱ्याला आईच्या कानावर जाणार. आम्ही वाईचे. आमच्याकडे सोवळ्याचं पातेलं वेगळं आणि ओवळ्याचं वेगळं, आणि माणसांचंही तसंच. हे मला पटत नसे. सांगलीच्या एका वाचनालयात 'समता आणि आपण' या विषयावर मी पाऊण तास बोललो होतो आणि टाळ्याही पडल्या होत्या. तरीही रोज संध्याकाळी सांगलीत शिरताना जकात नाक्याच्या अलीकडे मी सायकल थांबवायचो, खिशातला पेन्सिलीचा चाकू काढायचो आणि नंदाच्या मनगटावरचा धागा कापून टाकायचो. जकात चुकवणारी माणसं त्या जागी आणखीही असत. त्यांच्याकडे निदान तुपाचा डबा असे.

दुसऱ्या दिवशी अनसाक्का नवा धागा बांधायची. एकदाही विचारलं नाही, कालचा कुठे गेला. पाचसहा महिने असेच गेले. मी समजत होतो, तिच्या लक्षात आलेलं नाही. दिवसातून आठ वेळा पोरं मोजणाऱ्या बाईच्या लक्षात आलेलं नाही, असं मी समजत होतो.

एका सकाळी नंदाच्या मनगटावर बारीक ओरखडा होता. आदल्या संध्याकाळी चाकू जरा लागला होता. अनसाक्काने मनगट उलटसुलट करून बघितलं, त्यावर फुंकर मारली आणि धागा बांधत म्हणाली, "सायब, आजपासनं गाठ सैल बांधत जाते. वढली की सुटंल. चाकू नगं लावू."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला रागावता आलं असतं. मी "बरं" म्हणालो. माझे कान तापले होते आणि ऑफिसात जाईपर्यंत तसेच होते. संध्याकाळी नाक्याशी मी सायकल थांबवली आणि धागा ओढला. तो अलगद सुटला. चाकू बाळगायचं मी सोडून दिलं. लाज वाटली होती, नाही असं नाही. पण तिने काम सोपं करून दिल्यामुळे ती लवकर ओसरली.

नंदा पावणेतीन वर्षांची होती तेव्हा गिरणीने खरोखरचं पाळणाघर बांधायला काढलं. मुंबईच्या कोणा पुढाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन करायचं होतं आणि उद्घाटनासाठी काहीतरी बांधणं भाग होतं. भिंती उठू लागल्या तशी एके दिवशी अनसाक्का माझ्या ऑफिसच्या दाराशी आली. ती कधी आत येत नसे, तेव्हाही आली नाही.

"सायब, येक मागू का?"

"बोला ना."

"त्या पक्क्या खोलीत मला ठिवा. पावसात पोरं भिजत्यात. आन् आता खोकल्यानं दोन-दोन पोरं काखंत मारून गोडाउनात पळवत न्हाई. खोली असली तर आजून धा वर्सं वढीन म्या. बाकी काय नगं."

तिने माझ्याकडे मागितलेली ही एकमेव गोष्ट. मी म्हणालो, "बघतो." आणि लगेच वही काढून तिला म्हणालो, तुमची धाग्यांची पद्धत मला नीट सांगा, वरती अहवालात द्यायचीय. त्या दिवशी लिंबाखाली बसून तिने मला सगळं समजावलं. कुठलं खातं, कुठला रंग, कुठली वेळ, गाठ कधी मारायची, आजारी पोराचा धागा डाव्या मनगटाला का. मध्येमध्ये म्हणायची, "लिवलं का? बघा हां, नीट लिवा." अहवालातून तिचं काम वरपर्यंत पोचेल अशी तिची समजूत झाली होती. तेव्हा माझीही बहुधा तशीच होती. बहुधा.

पाळणाघरात कोणाला नेमायचं हे ठरवायला बैठक झाली. मॅनेजर, भोपळे आणि मी. अनसाक्काचं नाव मॅनेजरांनीच काढलं, हे इथे सांगितलं पाहिजे. ते पारशी होते आणि त्यांना या भानगडी उशिरा कळत.

भोपळे म्हणाले, "बाई कामाला चांगली आहे. पण आता दूधवाटप होणार, पाहुणे येणार. तिच्या हातचं म्हटलं की बायका कुरकुर करतील."

"कोणी तक्रार केली आहे?"

"केली नाही. पण करतील." तक्रार येण्याआधीच तिचं निवारण करण्याची भोपळ्यांची हातोटी होती.

मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम्ही तिथं रोज जाता. तुमचं मत काय?"

गोडाउनमागची सगळी पोरं गेली कित्येक वर्षं तिच्याच हातचं खात होती. त्यांत मराठ्यांची होती, लिंगायतांची होती, धनगरांची होती. त्यांत माझी होती. एवढंच बोलायचं होतं: माझी मुलगी तिच्याकडे असते. चार शब्दांचं काम. भोपळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची बायको सुधाच्याच शाळेत कारकून होती.

मी म्हणालो, "नियमात 'प्रशिक्षित' असा शब्द आहे."

हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. नियमात तो शब्द होता. खरं वाक्य इतकं खोटं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच नियमात पुढे, प्रशिक्षित बाईच्या हाताखाली एक आया असावी, असंही होतं. ते कलम मी वाचून दाखवलं नाही. मिरजेहून नर्स आली आणि आयेची जागा भोपळ्यांच्या ओळखीतून भरली. सुधाला मी दोन वर्षांपूर्वी जी थाप मारली होती, ती आम्ही तिघांनी एका बैठकीत खरी करून टाकली.

अनसाक्काला मी हे सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, करत उद्घाटनाचा दिवस आला.

मांडव होता, फीत होती, बेंजो होता. पुढारी तासभर 'उद्याचे नागरिक' या विषयावर बोलले. समारंभासाठी सगळ्या खात्यांच्या सुट्ट्या पुढे ढकलल्या होत्या, त्यामुळे उद्याचे नागरिक भुकेने रडत होते आणि भाषण नीट ऐकू येत नव्हतं. पाळणाघराच्या भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर खात्यांची नावं, सुट्टीच्या वेळा आणि प्रत्येकापुढे रंगीत धागा डकवलेला. वर मथळा: 'कल्याण अधिकारी यांनी तयार केलेली रंगयोजना'. तो मथळा मी लिहिला नव्हता. मी खोडलाही नव्हता. पुढाऱ्यांनी फळा वाचला, अशा कल्पक तरुणांची देशाला गरज आहे असं सांगितलं आणि आपल्या गळ्यातला एक हार काढून माझ्या गळ्यात घातला.

अनसाक्का मांडवाच्या दोरीपलीकडे बायकांमध्ये उभी होती. तिच्या जागी दुसऱ्या दोघी बसलेल्या तिने बघितल्या होत्या. पाहुणे चहाला गेल्यावर ती फळ्यासमोर येऊन उभी राहिली. हार अजून माझ्या गळ्यात होता. तो काढावा की ठेवावा हे मला कळेना. आता ती काय बोलेल याची मी वाट बघत होतो. जे बोलेल ते ऐकून घ्यायचं असं मनाशी ठरवलंही होतं.

"सायब, फळ्यावर चुकलंय."

तिला अक्षर येत नव्हतं. पण वीस वर्षं खात्यांच्या दारावरच्या पाट्या बघून त्या तीन नावांचे आकार तिला ओळखीचे होते.

"रीलिंगला हिरवा लावलाय तुमी. रीलिंग पिवळा. कचरा हिरवा. नवीन बाई फळा बघून रीलिंगच्या पोरास्नी कचऱ्याच्या सुट्टीपातूर थांबवंल. दोन पोरं हायत रीलिंगची, लय भुकेजत्यात. तेवढं बदला."

"बदलतो," मी म्हणालो.

"आज बदला. उद्यापासनं पोरं हितं येत्यात."

मी त्याच संध्याकाळी धागे बदलले. अनसाक्काच्या सांगण्यावरून मी केलेलं हे एकच काम, आणि तेही तिच्यासाठी नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी मी नंदाला शेवटचं लिंबाखाली ठेवलं होतं. संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा झोळ्या सोडलेल्या होत्या आणि अनसाक्का त्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "बाई, माझ्या हातात असतं तर..." तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. तो तिचा चांगुलपणा होता की कंटाळा, मला अजून ठरवता येत नाही.

"फलटणला जाते. भाऊ हाय तिथं. उसाच्या तोडीला बाया येत्यात, त्येंची पोरं पाचटात लोळत्यात. येखादं झाड बघते." मग नंदाच्या डोक्यावर बोट टेकवलं. आकडा म्हणाली नाही.

जकात नाक्याशी मी सवयीने सायकल थांबवली आणि धागा ओढला. तो सुटेना. पुन्हा ओढला तशी नंदा कळवळली. वाकून बघितलं तर ती सैल गाठ नव्हती. वाइंडिंगची होती, बारीक, मागावर जाऊनही न सुटणारी. सकाळच्या धांदलीत बोटांनी सवयीने मारली असेल, किंवा नसेल. चाकू मी केव्हाच सोडला होता. मी दातांनी तोडायचा विचार केला. नाक्यावरचा शिपाई माझ्याकडे बघत होता. मी सायकलवर टांग मारली.

सुधाने दारातच बघितलं. "हे काय बांधलंय?"

मला थाप सुचली नाही. सुचली असती तर मी ती मारली असती, हे लिहून ठेवलेलं बरं. मी सगळं सांगितलं. झाड, झोळ्या, भाकरी, चाकू, सैल गाठ, बैठक, हार. सुधा नंदाचं मनगट हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "दोन वर्षं त्या बाईमुळं मी नोकरी केली आणि मला त्यांचं तोंड माहीत नाही. का?"

"आईला चाललं नसतं."

"आई साताऱ्याला आहेत. मी इथं आहे. मला विचारलं होतंत?"

विचारलं नव्हतं. दोन वर्षं मी ज्या सोवळ्याला भीत होतो, ते माझ्या घरात नव्हतं. ते मी रोज सायकलवर माझ्याबरोबरच नेत-आणत होतो.

सुधाने कपाटातून कात्री काढली. का, ते मला कळलं नाही. कदाचित धागा आवळतोय असं तिला वाटलं असेल. नंदाने हात पाठीमागे लपवला. "कापू नको. आक्का मोजनार कशी?"

सुधाने कात्री परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघं नंदाला घेऊन वस्तीत गेलो. सुधाच्या पिशवीत एक लुगडं होतं. खोलीला कुलूप होतं. शेजारच्या रखमाने सांगितलं, आक्का पहाटेच्या फलटणच्या एस.टी.ने गेली. लुगडं रखमाकडे ठेवू म्हटलं तर ती म्हणाली, "न्हेऊन द्या की तुमीच. फलटण काय लंकंत हाय व्हय?"

फलटण लंकेत नव्हतं. मी पुढे सात वर्षं त्या गिरणीत होतो. दोनदा फलटणवरून शिरवळला कामाला गेलो, एस.टी. स्टँडवर दहा मिनिटं थांबली, मी खाली उतरून चहा घेतला. भावाचं नाव मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. मी विचारलं नव्हतं, हेही खरं आहे. अनसाक्का गेल्याचं रखमाकडूनच कळलं, तेही पुष्कळ महिन्यांनी. उसाच्या फडात, बाभळीखाली पोरांच्या मध्ये बसली होती म्हणे. खोकल्याची उबळ आली, ती शेवटची.

नंदाच्या हातावरचा धागा बरेच दिवस टिकला. अंघोळीने त्याचा निळा उतरून राखाडी झाला, तरी गाठ हलली नाही. शेवटी सूतच विरलं. तो कधी पडला आणि कुठे, ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. मोजणारं कोणी नव्हतं.